बागेत ड्रेनेजचा वास परत परत येतोय? काय तपासायचं, कोणता उपाय झाडांना आणि तळ्याला बाधतो, आणि कुठे थांबायचं

पहाटे फिरायला येणारे तक्रार करतात, दोन दिवसांनी ब्लीचिंग पावडर पडते, आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा तोच वास. ड्रेनेजच्या देखभालीत काम करताना हा एकच दोष मी वेगवेगळ्या बागांमध्ये कितीतरी वेळा हाताळला आहे. कारण दर वेळी थोडं वेगळं निघतं, पण तपासण्याचा क्रम तोच ठेवला तर फुकटचा खर्च वाचतो आणि बागेचं नुकसानही टळतं. उद्यान विभागातले कर्मचारी, सोसायटीची बाग सांभाळणारी मंडळी आणि प्रभागात पाठपुरावा करणारे नागरिक यांच्यासाठी हे लिहितो आहे.

बागांच्याच वाट्याला हे का येतं? मैलापाणी उताराने वाहतं, त्यामुळे मोठी लाइन नाल्याच्या किंवा ओढ्याच्या कडेने, सगळ्यांत सखल भागातून जाते. त्या पट्ट्यात इमारती बांधणं अवघड असतं, म्हणून पुष्कळदा तीच जागा बाग, नाला पार्क किंवा मैदान म्हणून विकसित होते. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक, कुठेही जा, अशा बागांत जॉगिंग ट्रॅकच्या कडेने चेंबरची झाकणं ओळीने दिसतील. ती लाइन आता हलणार नाही. मग प्रश्न उरतो वासाचा, आणि त्याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा: वासावरचा इलाज झाडं, माती, तळं आणि शेजारची घरं यांना किती बाधतो? वास नुसता कोंडला तर तो संपत नाही, जागा बदलतो. कधी पुढच्या चेंबरमधून निघतो, कधी कुणाच्या न्हाणीघरातून. म्हणून प्रत्येक उपायाला मी एकच प्रश्न विचारतो: हा वायू आता जाणार कुठे?

लक्षणं

वास कधी येतो, किती वेळ टिकतो आणि कशासारखा आहे, यावरून निम्मं निदान होतं.

पहाटे पाच ते आठ जोरात आणि ऊन चढलं की गायब, तेही डिसेंबर-जानेवारीत जास्त: थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड राहते, वारा पडलेला असतो. चेंबरमधून निघालेला वायू वर न जाता ट्रॅकवरच साचतो. दुपारीही वायू निघत असतो, फक्त तो पांगतो. दुपारी पाहणीला आलेल्या साहेबांना वास का येत नाही, याचं उत्तर हेच.

दहा-पंधरा मिनिटं झोत, मग बराच वेळ काही नाही, पुन्हा झोत: वरच्या बाजूला पंपिंग स्टेशन असावं.

एकाच कोपऱ्यात, स्वच्छतागृहाजवळ: ट्रॅप, म्हणजे जाळीखाली पाणी उभं राहून वास अडवणारा भाग, सुकलेला किंवा फुटलेला.

दिवसभर वास, पायाखाली ओल, आणि त्या पट्ट्यातलं गवत भर उन्हाळ्यातही गडद हिरवं: लाइन फुटून मैलापाणी मातीत मुरतंय. तो हिरवा पट्टा लोकांना आवडतो, मला बघून धास्ती वाटते.

एप्रिल-मेमध्ये वाढणारा वास: पाणीकपातीमुळे लाइनमधला प्रवाह मंदावतो आणि उष्णता चढते. मैलापाण्याचं तापमान एका अंशाने वाढलं की त्यात सल्फाइड तयार होण्याचा वेग साधारण ७ टक्क्यांनी वाढतो.

पहिल्या पावसात झाकणातून काळं पाणी वर: पावसाळी गटार आणि मैल्याची लाइन कुठेतरी एकमेकांत जोडलेली आहेत.

वासाची जातही ओळखून ठेवा. सडक्या अंड्यासारखा असेल तर हायड्रोजन सल्फाइड. सडक्या कोबीसारखा असेल तर गंधकाचीच दुसरी संयुगं. डोळ्यांना झोंबणारा, लघवीसारखा असेल तर अमोनिया, आणि तो बहुतेक मुताऱ्यांचा असतो, लाइनचा नव्हे.

तपासायला लागण्याआधी

झाकण उघडायचं नाही. चेंबरवर वाकायचं नाही. जवळ काडी, विडी, अगरबत्ती पेटवायची नाही. लाइनमध्ये मिथेनही असतो आणि हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होतो.

हायड्रोजन सल्फाइडचा वास नाकाला हवेच्या एक अब्ज भागांत काही भाग इतका सूक्ष्म असतानाही येतो. पण दहा लाखांत १०० भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. चेंबरच्या तोंडाशी 'आता वास गेला' असं वाटलं, तर ती सुटका नसून धोक्याची खूण असू शकते. हा वायू हवेपेक्षा जड आहे, खड्ड्यात आणि चेंबरच्या तळाशी साचून राहतो.

इथून पुढच्या पहिल्या पाच तपासण्या जमिनीवर उभं राहून, काहीही न उघडता करता येतात. त्यातच बऱ्याच तक्रारींचा उलगडा होतो.

१. वास नक्की ड्रेनेजचाच आहे का?

खर्च शून्य, म्हणून पहिली तपासणी ही. जुन्या बागांमध्ये जंगली बदामाचं झाड असतं: उंच, सरळ खोडाचं, होडीसारख्या लाल-तपकिरी टणक फळांचं. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळालेली असताना त्याला तांबूस फुलांचे घोस येतात आणि त्यांना थेट मैल्यासारखी दुर्गंधी येते. परागीभवनासाठी माश्यांना बोलावायची ती त्याची रीत आहे. या झाडाखाली उभं राहून लोकांनी ड्रेनेजच्या तक्रारी लिहिल्या आहेत, आणि त्यावर जेटिंगची, म्हणजे दाबाच्या पाण्याने लाइन धुणारी, गाडीही येऊन गेली आहे. झाडाखाली पडलेलं फूल उचलून हुंगा, शंका फिटेल. आणि कृपा करून त्यासाठी झाड तोडायची मागणी करू नका, बहर ओसरला की वास जातो.

दुसरा संशयित म्हणजे पालापाचोळ्याचा खतखड्डा. वरचेवर खालीवर केला नाही आणि पाणी जास्त झालं, की आत हवा पोचत नाही आणि तो सडतो. खालीवर करा, सुकी पानं मिसळा. तिसरा, तळ्याच्या तळाशी साचलेला काळा गाळ. चौथा नवा आहे: हल्ली बऱ्याच बागांना प्रक्रिया केलेलं सांडपाणी देतात, आणि ते टाकीत दोन-तीन दिवस बंद राहिलं की त्यालाच वास सुटतो. स्प्रिंकलर चालू झाल्यावरच वास येत असेल तर टाकी धुऊन घ्या, लाइनला दोष देऊ नका.

२. नोंदवही

दोन आठवडे एक वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, वासाची जात, वारा कुठून. वारा बघायला चिमूटभर सुकी माती किंवा कापसाची म्हातारी सोडली तरी पुरतं. जागा लिहिताना 'मागच्या बाजूला' नको, जवळच्या चेंबरचा क्रमांक किंवा झाडाचं नाव लिहा. सुरक्षारक्षक, माळीकाका आणि हास्यक्लबमधलं कुणी, अशा तिघांनी वेगवेगळी नोंद केली तर उत्तम, कारण रोज तोच वास घेणाऱ्याचं नाक सरावतं.

ही वही तुम्हाला वाटते त्याहून कामाची आहे. वेळा जुळल्या तर पंपिंगचा संबंध कळतो, जागा जुळल्या तर चेंबर कळतो. पुढे उपाय झाल्यावर फरक पडला का, हे ठरवायला तुलनेसाठीही हीच वही लागते. ती नसली की 'आता बरं आहे' आणि 'अजून येतोच' यावर नुसता वाद होतो.

३. ट्रॅप

बागेतल्या स्वच्छतागृहाच्या जाळीखाली ट्रॅप असतो. त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं राहतं आणि तेच लाइनमधला वायू अडवतं. क्वचित वापरल्या जाणाऱ्या खोलीत, पिण्याच्या पाण्याच्या बेसिनखाली, बंद पडलेल्या कारंज्याच्या निचऱ्यात हे पाणी उन्हाळ्यात उडून जातं.

प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता. तासाभरात वास कमी झाला तर कारण सापडलं. न वापरातल्या ट्रॅपमध्ये वरून चमचाभर खाद्यतेल सोडलं तर पाणी उडायला वेळ लागतो. पाणी ओतूनही टिकत नसेल तर ट्रॅप तडकलाय, प्लंबरकडून बदलून घ्या.

इथे एक बजावून सांगतो. साफसफाईसाठी अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकाच वेळी वापरू नका, क्लोरीन वायू निघतो. नुसतं अ‍ॅसिड लाइनमध्ये ओतणंही वासाच्या दृष्टीने वाईटच. मैलापाणी साधारण तटस्थ असतं तेव्हा त्यातला निम्मा सल्फाइड विरघळलेल्या वायूच्या रूपात असतो. आम्लता वाढली की जवळपास सगळाच त्या रूपात येतो आणि पाण्यातून सुटून बाहेर पडतो.

४. झाकणं, आणि तांब्याची तार

बागेतून जाणारी लाइन सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाला. तुटकं झाकण, फ्रेमपासून सुटलेलं झाकण, ट्रॅकच्या कामात अर्धवट गाडलेलं झाकण, डुगडुगणारं झाकण, सगळ्यांची नोंद करा. झाकणावर पाय टाकून जोर देऊन बघू नका, कडेने हाताने टेकून पुरेसं कळतं.

दहा-बारा चेंबर असले आणि नेमका दोषी कुठला ते कळेना, की मी विजेच्या वायरमधली तांब्याची तार घेतो. पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायची, वीतभर तुकडे कापायचे आणि प्रत्येक झाकणाच्या फटीशेजारी बाहेरच्या बाजूला छोट्या काडीला बांधायचे. आठवड्याने सगळे तुकडे उचलून पांढऱ्या कागदावर क्रमाने मांडा. हायड्रोजन सल्फाइडने तांबं काळवंडतं. काही तुकडे तांबूसच राहिलेले, काही तपकिरी, आणि एक-दोन कोळशासारखे काळेभोर दिसतात. काळ्या तुकड्याचा चेंबर आणि त्याच्या वरचा चेंबर, तपासणी तिथून सुरू करायची. कागदाचा फोटो तक्रारीला जोडा. याहून स्वस्त पुरावा मला माहीत नाही.

तुटकं झाकण बदलायलाच हवं, त्यात वाद नाही. पण 'सगळीच झाकणं सिमेंटने बंद करून टाका' ही मागणी कधीही मान्य करू नका. कोंडलेला वायू घरांच्या ट्रॅपमधून वाट काढतो. शिवाय पाइपच्या वरच्या ओल्या भिंतीवरचे जीवाणू त्याच वायूपासून गंधकाम्ल बनवतात. काँक्रीटच्या पाइपचा माथा आतून खायला लागतो, भुसभुशीत पांढरा होतो, सळया उघड्या पडतात. काही वर्षांनी एखाद्या पावसाळ्यात ट्रॅकच्या मधोमध खड्डा पडतो. वास बंद झाला म्हणून सगळे खूश असतात, तेव्हा आत हे चालू असतं.

५. व्हेंट पाइप

लाइनला श्वास घ्यायला उंच व्हेंट, म्हणजे आतला वायू वर सोडणारा पाइप, लागतो. बागेतला व्हेंट बरेचदा दिव्याच्या खांबासारखा दिसतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तो बुडाशी गंजलाय का, मध्येच भोक पडलंय का, वर जाळी आहे का, पक्ष्यांनी घरटं करून तोंड बुजवलंय का, हे दुर्बिणीने बघा. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा, नंतर घरटं काढून जाळी बसवा.

उंची महत्त्वाची. बाग झाली तेव्हा शेजारी बैठी घरं होती, आज सात मजली इमारत आहे आणि व्हेंटचं तोंड बरोबर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर आलंय, असं होतं. सार्वजनिक बागेतल्या व्हेंटची कल्पना जुनीच आहे. सिडनीच्या हाइड पार्कमध्ये १८५७ मध्ये उभारलेला ओबेलिस्क दिसायला इजिप्तच्या स्तंभासारखा आहे, पण बांधला तो मैलापाण्याच्या भुयारी गटाराचा व्हेंट म्हणून. उंची जवळपास २२ मीटर. वायू माणसांच्या डोक्यावरून न्यायचा, हे तत्त्व बरोबर. मात्र आज भोवती उंच इमारती असतील तर नुसती उंची पुरत नाही, वर गाळणी लागते. तिच्याबद्दल पुढे.

६. गाळ, मुळं आणि तेल

इथून पुढचं काम महापालिकेच्या ड्रेनेज विभागाचं किंवा प्रशिक्षित ठेकेदाराचं. तुमचं काम त्यांना योग्य जागी बोलावणं आणि काम नीट झालं का ते बघणं.

लाइनमध्ये पाणी निदान सेकंदाला ०.६ मीटर वेगाने वाहिलं पाहिजे, केंद्राच्या सीपीएचईईओ या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेतही हाच किमान वेग धरला आहे. त्याहून मंद झालं की वाळू आणि मैला तळाशी बसतो, पाइपला बुळबुळीत थर चढतो आणि त्या थरात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे सल्फेटपासून सल्फाइड बनवणारे जीवाणू वाढतात. वासाचं मूळ तिथे आहे. म्हणून जेटिंगने थर निघाला की वास खरंच कमी होतो, आणि वेग सुधारला नाही तर काही महिन्यांत परत येतो. दर उन्हाळ्यात त्याच चेंबरला जेटिंग करावं लागत असेल, तर ते निदान चुकल्याचं लक्षण समजा.

बागेत वड, पिंपळ, उंबर लाइनजवळ असतील तर जुन्या स्टोनवेअर पाइपच्या सांध्यांतून त्यांची केसासारखी बारीक मुळं आत शिरतात आणि आत मोठा झुबका होतो. त्यात कागद, सॅनिटरी पॅड, प्लास्टिक अडकतं. मुळं यंत्राने कापून घ्या आणि तो सांधा आतून अस्तर लावून बुजवून घ्या. मोरचूद ओतून मुळं मारायचा सल्ला कुणी दिला तर नाही म्हणा. मोरचुदातलं तांबं मातीत टिकून राहतं आणि पाण्यातल्या जीवांना फार कमी प्रमाणातही विषारी ठरतं.

तिसरं कारण बागेच्या फाटकाबाहेर असतं. वडापाव, भजी, चायनीजच्या गाड्यांचं तेल चेंबरमध्ये गेलं की गोठून घट्ट चिकटतं. गाडीवाल्यांशी भांडण्यापेक्षा तेल गोळा करायला डबा आणि ठरलेला उचलणारा माणूस, हे जास्त टिकतं.

७. पंपिंगचा झोत

नोंदवहीत ठरावीक अंतराने झोत दिसत असतील तर ड्रेनेज विभागाकडून पंप चालण्याच्या वेळा मागा. पंपापासून वर जाणारा पाइप कायम काठोकाठ भरलेला असतो, आत हवा नाही. रात्री पंप बंद असताना मैलापाणी त्यात तासन्‌तास बंद डब्यातल्या भाजीसारखं आंबत राहतं. पंप सुरू झाला की ते पहिल्या चेंबरमध्ये आदळतं, फेसाळतं आणि साठलेला सगळा वायू एकदम सुटतो. तो चेंबर बागेत असेल तर बाग झोताखाली येते.

सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती म्हणजे पंप कमी वेळ, पण जास्त वेळा चालवणं, म्हणजे पाणी साठून राहत नाही. त्यानंतर येतं ते चेंबरमधलं पडणं कमी करणं: पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीपर्यंत खाली नेऊन पाणी शांतपणे सोडायचं. हे दोन्ही न करता थेट रसायनाची टाकी बसवणं म्हणजे कायमचा खर्च आणि कायमची काळजी.

८. चुकीची जोडणी आणि खचलेली लाइन

पावसाळी गटारातून उन्हाळ्यातही पाणी वाहत असेल तर कुणाचं तरी मैलापाणी त्यात येतंय. ड्रेनेजवाले रंग सोडून किंवा धूर सोडून हे शोधतात. धुराची चाचणी असेल तर आसपासच्या सोसायट्यांना आणि अग्निशमन दलाला आधी कळवा. लाइन आतून किती खाल्ली गेली आहे हे फक्त कॅमेऱ्याने कळतं. त्याचं चित्रीकरण मागून घ्या, सार्वजनिक कामाचं आहे, बघायला हरकत नसते.

उपाय निवडताना बागेचा विचार

फिनेल आणि ब्लीचिंग यांनी लाइनमधला वायू थांबत नाही. जमिनीवर पडलेलं ब्लीचिंग मातीतले जीवाणू, गांडुळं मारतं, गवत पिवळं पाडतं आणि पहिल्या पावसात तळ्यात उतरलं तर मासे मरतात. मुलं अनवाणी खेळतात तिथे हे पसरणं मला कधीच पटलं नाही.

व्हेंटवर कोळशाची गाळणी जागा कमी घेते, आवाज करत नाही, लगेच गुण देते. पण कोळसा भरला की ती निव्वळ शोभेची उरते. बसवताना बदलण्याची तारीख, त्याचे पैसे आणि वापरलेला कोळसा कुठे जाणार, हे लेखी घ्या. तो बागेच्या खतखड्ड्यात जाता कामा नये.

बागेला मला सगळ्यांत योग्य वाटते ती जैवगाळणी. पंख्याने लाइनमधली हवा ओढून लाकडाचे तुकडे, साली, नारळाचा काथ्या, कंपोस्ट यांच्या थरातून सोडायची, थरातले जीवाणू वायू खातात. हवेला थरात साधारण ३० ते ६० सेकंद मिळायला हवेत. समजा तासाला १००० घनमीटर हवा ओढायची आहे आणि ४५ सेकंद द्यायचे आहेत, तर १२.५ घनमीटर थर लागतो. एक मीटर खोलीचा धरला तर साडेबारा चौरस मीटर जागा. बागेत एवढी जागा कोपऱ्यात निघते आणि भोवती झुडपं लावता येतात.

पण तिची काळजी तिघांना तरी समजावून द्या. ओलावा ४० ते ६० टक्के राहिला पाहिजे. सुकला तर हवा भेगांतून तशीच निसटते, चिखल झाला तर आतून सडतो आणि स्वतःच घाण वास सोडतो. उन्हाळ्यात पाण्याची सोय आधी बघा. थर काही वर्षांनी दबतो, बदलावा लागतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: वायू खाऊन जीवाणू गंधकाम्ल बनवतात, त्यामुळे थराखालून झिरपणारं पाणी तीव्र आम्ल असतं, लिटमस लगेच लाल होतो. ते परत मैल्याच्या लाइनमध्येच गेलं पाहिजे. खालचं अस्तर फाटलेलं, निचऱ्याची नळी गवतात सोडलेली आणि शेजारच्या झाडाची मुळं जळलेली, हे टाळता येण्यासारखं नुकसान आहे. पंख्याचा आवाजही मोजून घ्या. २००० च्या ध्वनी नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि पंखा रात्रभर चालतो.

रसायनं हा शेवटचा पर्याय. कॅल्शियम नायट्रेट दिलं की जीवाणू सल्फेट सोडून नायट्रेट वापरतात आणि सल्फाइड बनत नाही. मात्रा जास्त झाली किंवा लाइन गळकी असली तर नायट्रेट जमिनीत आणि तळ्यात जातं, शेवाळ माजतं. बागेत बोअरवेल असेल तर आधी आणि नंतर पाणी तपासा, पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. फेरिक क्लोराइड सल्फाइडला लोहाशी बांधून तळाशी बसवतं, पण ते स्वतः दाहक आहे, टाकी कुलूपबंद आणि गळती झेलणाऱ्या कुंडात ठेवावी लागते. मुलांच्या खेळण्यांशेजारी ती नको.

खोदाई ठरली तर झाडांची यादी आधी करा: जात, घेर, लाइनपासून अंतर. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात झाड तोडणं म्हणजे नुसती कुऱ्हाड नव्हे, झाडाला इजा पोचवणंही त्यात येतं. जाड मुळं जेसीबीने ओरबाडण्याऐवजी तिथे हाताने खोदा, किंवा जुन्या पाइपमध्ये आतून अस्तर घालण्याची पद्धत मागा. पाइप थोडा बारीक होतो, पण झाडं उभी राहतात.

उपायाआधी आणि नंतर त्याच ऋतूत या गोष्टी मोजा: चेंबरमध्ये आठवडाभर टांगलेल्या यंत्राने हायड्रोजन सल्फाइड, जैवगाळणीजवळच्या मातीचा सामू, तळ्यातला विरघळलेला ऑक्सिजन (माशांना लिटरला निदान ४ मिलिग्रॅम हवा), बोअरचं नायट्रेट, रात्रीचा आवाज. देशाच्या २००९ च्या हवा-गुणवत्ता मानकांमधल्या बारा प्रदूषकांत अमोनिया आहे, हायड्रोजन सल्फाइड नाही. त्यामुळे 'हवा मानकांत बसते' या उत्तरावर समाधान मानू नका, हा वायू वेगळा मोजायला सांगा. एप्रिलचं मोजमाप ऑगस्टशी ताडलं तर कुठलाही उपाय यशस्वी दिसतो, म्हणून ऋतू तोच ठेवा.

इथे थांबा, माणूस बोलवा

झाकण उघडावं लागणार असेल तर थांबा. ड्रेनेज विभागाकडे वायुमापक, पंखा, तिकाटणं आणि यंत्रं असतात.

चेंबरमध्ये माणूस उतरवायची भाषा कुणी केली, ठेकेदाराने केली तरी, काम तिथेच थांबवा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटार साफ करताना होणाऱ्या मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली, पण माणूस त्याने परत येत नाही. 'दोन मिनिटांचं काम आहे' हे वाक्य ऐकलं की मी फोन हातात घेतो.

ट्रॅक खचलाय, जमीन पोकळ वाजतेय: दोरी बांधून लोकांना लांब ठेवा आणि त्याच दिवशी अभियंत्याला बोलवा.

वासाबरोबर डोकं दुखणं, मळमळ, डोळ्यांची आग दोघा-तिघांना एकदम होत असेल तर बागेचा तो भाग रिकामा करा, वारा जिकडून येतोय तिकडे, उंच जागी जा.

पेट्रोल किंवा स्वयंपाकाच्या गॅससारखा वास असेल तर तो ड्रेनेजचा प्रश्नच नाही. १०१ किंवा ११२ लावा.

कुणी चेंबरमध्ये कोसळलं तर मागोमाग उतरू नका. वाचवायला उतरलेला दुसरा आणि तिसराही तिथेच पडतो. १०१ लावा, श्वसनयंत्र असलेली माणसं हवीत असं स्पष्ट सांगा, जवळपास ठिणगी होऊ देऊ नका आणि गर्दी मागे ठेवा.

बाकी तक्रार करताना एवढं लिहा: चेंबरचा क्रमांक, वरच्या आणि खालच्या चेंबरची स्थिती, वासाच्या वेळा, तांब्याच्या तारेचा फोटो, दहा मीटरच्या आत असलेली झाडं, तळं किंवा बोअर किती अंतरावर. इतकी माहिती असली की पहिल्याच फेरीत योग्य गाडी योग्य चेंबरपाशी येते.